लोणी काळभोरमध्ये बाळासोबत भोंडला, वसुबारस आणि किल्ला

दोन वर्षांच्या बाळाला सण सांगून कळत नाही, हाताला लागला की कळतो. म्हणून मला भोंडला सगळ्यात आवडतो. हस्त नक्षत्राचा खेळ, त्यामुळे पाटावर हत्ती काढायचा नि भोवती फेर धरायचा. पण बाळाचा खरा आनंद खिरापतीत! झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय ते ओळखायचं. फक्त त्यात अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत, घशात अडकतात. मऊ शिरा किंवा केळ्याचे काप ठेवा. आवाज येत नाही, पण डबा उघडताना चेहरा बघाच.

आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस. आपल्या लोणीत अजून गोठे आहेत, हे केवढं भाग्य! संध्याकाळी गाय-वासराच्या पूजेला बाळाला कडेवर घेऊन जा. अनेक घरांत त्या दिवशी दूध-दही खात नाहीत, कारण दूध वासराचं. मग शक्यतो आजोबांबरोबर अंगणात दिवाळीचा किल्ला. माती बाळालाच थापू द्या, वाकडा बुरूज मुळीच सरळ करू नका. वर अळीव पेरून रोज पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. एवढी वाट तर बाळही पाहतं.