आर्थिक वाढ, पर्यावरण आणि जागतिक संस्था

संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला भरली आणि आर्थिक वाढीला मर्यादा असतात का, हा प्रश्न पहिल्यांदाच सरकारांच्या समोर आला. त्याच वर्षी ‘लिमिट्स टू ग्रोथ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. ‘क्लब ऑफ रोम’साठी डोनेला मेडोज आणि एमआयटीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या आधारे आकडेमोड केली होती. लोकसंख्या, उद्योग आणि संसाधनांचा वापर याच गतीने वाढत राहिला, तर शंभर वर्षांच्या आत पृथ्वीच्या मर्यादा गाठल्या जातील, असा त्यांचा इशारा होता. गरीब देशांना मात्र वेगळीच भीती होती : पर्यावरणाचे कारण पुढे करून आपल्या वाढीला वेसण घातली जाईल. यजमान स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले, तर परिषदेला आलेल्या एकमेव सरकारप्रमुख इंदिरा गांधी होत्या. दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरण राखता येणार नाही, हे त्यांनी ठामपणे मांडले.

या पेचावर तोडगा काढला तो नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या आयोगाने. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास म्हणजे शाश्वत विकास, ही १९८७ च्या अहवालातली व्याख्या आज पाठ्यपुस्तकांत आहे. त्याच अहवालाने जगाचे औद्योगिक उत्पादन पाच ते दहा पटींनी वाढेल हे गृहीत धरले होते, ही गोष्ट मात्र विसरली जाते. वाढ हवीच, फक्त तिची प्रत बदलावी, ही तडजोड सर्वांना मानवली. १९९२ च्या रिओ परिषदेत तिला ‘समान पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्यां’च्या तत्त्वाची जोड मिळाली.

ही तडजोड किती कच्ची होती, हे जागतिक बँकेत दिसले. बँकेचा १९९२ चा जागतिक विकास अहवाल पर्यावरणावर होता आणि अर्थशास्त्रज्ञ हर्मन डेली तेव्हा बँकेत काम करत होते. मसुद्यातल्या एका आकृतीत अर्थव्यवस्थेची चौकट होती. एका बाजूने कच्चा माल आत येई, दुसऱ्या बाजूने उत्पादन बाहेर पडे. या चौकटीभोवती निसर्गाची मोठी चौकट काढा, म्हणजे आतली किती वाढू शकते हा प्रश्न विचारता येईल, असे डेली यांनी सुचवले. अखेर छापील अहवालातून आकृतीच गायब झाली. हा किस्सा त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे.

त्याच वर्षी नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाचा प्रश्न बँकेच्या दारात येऊन ठेपला. या प्रकल्पासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. नर्मदेकाठच्या आंदोलनाच्या दबावामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती नेमावी लागली. विस्थापितांचे पुनर्वसन आहे त्या परिस्थितीत शक्य नाही आणि पर्यावरणीय परिणामांचा नीट विचारच झालेला नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले, त्यामुळे प्रकल्पग्रस्तांना थेट तक्रार करण्याची सोय झाली. महाराष्ट्रातील मणिबेली या बुडीत गावाचे नाव पुढच्या वर्षी एका जाहीरनाम्याला दिले गेले. मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणे थांबवावे, अशी मागणी ४४ देशांतील ३२६ संघटनांनी त्यात केली. बँकेच्या कारभारात जो बदल झाला, तो परिषदांच्या ठरावांपेक्षा आंदोलन करणाऱ्या या लोकांमुळे अधिक झाला.

२००८ च्या मंदीनंतर भाषा बदलली. ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि जागतिक बँक या तिघांनीही २०११-१२ च्या सुमारास ‘हरित वाढ’ किंवा ‘हरित अर्थव्यवस्था’ यांवर अहवाल काढले. गाभा एकच : उत्पन्न वाढू द्यावे, पण संसाधनांच्या वापराशी त्याची फारकत करावी. अशी फारकत अगदीच अशक्य नाही. किमान १८ देशांनी दहा वर्षांहून अधिक काळ उत्सर्जन घटवत नेल्याचे हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालात नमूद आहे, आणि त्यात आयात मालामागचे कार्बन उत्सर्जनही धरले आहे. पण जगाचा एकूण हिशेब वेगळा आहे. १९७० मध्ये जमिनीतून, खाणींतून आणि जंगलांतून सुमारे ३० अब्ज टन साहित्य काढले जात होते. आता ते १०० अब्ज टनांच्या वर गेले आहे. त्यामुळे ‘हरित वाढ’ हे सिद्ध झालेले सत्य म्हणून सांगणे योग्य नाही.

२०१५ च्या शाश्वत विकास ध्येयांतही हा ताण मिटलेला नाही. आठव्या ध्येयात सर्वांत मागास देशांसाठी वर्षाला किमान ७ टक्के वाढ मागितली आहे आणि त्याच ध्येयाखाली पर्यावरणाच्या ऱ्हासापासून वाढीची फारकतही मागितली आहे. मागास देशांसाठी वाढीची मागणी रास्तच आहे. श्रीमंत देशांनी आणखी किती वाढावे, यावर मात्र १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये काहीच बोलत नाहीत. युरोपच्या पर्यावरण संस्थेने २०२१ मध्ये वाढीविना प्रगतीचा विषय उघडपणे मांडला, तो अपवाद म्हणावा लागेल.

खरी हालचाल मोजमापाच्या क्षेत्रात आहे. महबूब उल हक यांनी १९९० मध्ये आणलेल्या मानव विकास निर्देशांकाने उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण बसवले. २०२० मध्ये त्यात दरडोई कार्बन उत्सर्जन आणि साहित्याचा वापर मिळवून पाहिला, तेव्हा पहिल्या क्रमांकाचा नॉर्वे १५ स्थाने खाली आला. निसर्गाच्या जमाखर्चाची आंतरराष्ट्रीय पद्धत २०१२ मध्ये मान्य झाली. भारताचे सांख्यिकी मंत्रालयही पर्यावरणाचे हिशेब प्रसिद्ध करते. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची सुधारित पद्धत स्वीकारली. खनिजे आणि इतर नैसर्गिक साठ्यांची झीज यापुढे उत्पादनाचा खर्च मानून निव्वळ उत्पन्नातून वजा होईल. जीडीपीचा आकडा मात्र या वजावटीने बदलत नाही, आणि वाढीचा दर म्हणून जाहीर होतो तो त्याच आकड्यावरून.