मत मिळाले, पण मतदारसंघ?

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात नदीकाठी ‘डेल्टा’ नावाचा सपाट, सुपीक पट्टा आहे. तिथला कापूस काळ्या गुलामांनी पिकवला. १८६५ साली गुलामी संपली, तरी त्यांची मुले-नातवंडे त्याच मळ्यांवर राबत राहिली. हा पट्टा आज अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मिसिसिपीतील दुसऱ्या मतदारसंघात येतो. मत मिळणे आणि सत्तेत वाटा मिळणे यांत अंतर किती, हे या मतदारसंघाला विचारावे.

गुलाम म्हणून जन्मलेले जॉन लिंच १८७२ साली मिसिसिपीतून काँग्रेसवर निवडून आले होते. गोऱ्या प्रस्थापितांना ते सोसले नाही. १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर आणि साक्षरतेची अट घातली. परीक्षा घेणारा कारकून गोराच. १९६४ साली मतदानास पात्र काळ्यांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची नावे यादीत होती. रूलव्हिलच्या मजूर फॅनी लू हेमर १९६२ साली नाव नोंदवायला गेल्या, तर मळेमालकाने त्यांना घराबाहेर काढले. १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना बेदम मारले. तरीही १९६४ मध्ये या माउलीने दुसऱ्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. त्या हरल्या, पण भीती मेली.

१९६५ साली मतदान हक्क कायदा झाला. दोन वर्षांत सुमारे ६० टक्के काळ्यांची नोंदणी झाली. आता डेल्टातून काळा प्रतिनिधी जाणार, हे ओळखून १९६६ साली विधिमंडळाने नकाशाच बदलला. डेल्टाचे आडवे तुकडे करून ते गोऱ्या बहुसंख्येच्या भागांना जोडले. मत हातात राहिले, त्याचे वजन गेले!

पुढे न्यायालयीन लढे झाले. १९८२ साली डेल्टा पुन्हा एकत्र आला. शिक्षक असलेले रॉबर्ट क्लार्क १९८२ आणि १९८४ मध्ये लढले, थोडक्यात हरले. १९८६ साली माइक एस्पी जिंकले. मिसिसिपीतून काळा माणूस पुन्हा काँग्रेसमध्ये जायला शंभराहून अधिक वर्षे लागली. १९९३ पासून २०२४ पर्यंतची प्रत्येक निवडणूक बेनी थॉम्पसन यांनी जिंकली.

आम्ही याला पूर्ण विजय म्हणणार नाही. राज्यात काळे सुमारे ३८ टक्के, पण चार मतदारसंघांपैकी काळ्या बहुसंख्येचा हा एकच. एकाच ठिकाणी कोंबणे हीसुद्धा मत वाया घालवण्याची युक्ती असते. शिवाय मतदानाचे नियम आणि नकाशे बदलण्यापूर्वी अशा राज्यांनी केंद्राची मंजुरी घेण्याचे बंधन २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : मतपेटीवर डोळा ठेवा, पण नकाशावरची रेघ कोण ओढतो यावरही ठेवा. निवडणुकीचा निकाल पुष्कळदा तिथेच लागलेला असतो.