पेटीवर चोवीस बिट, आत काय?

मार्च ते मे या काळात तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात हापूसच्या पेट्यांच्या थप्प्या लागतात आणि दरवर्षीचा वाद नव्याने रंगतो. पेटीवर ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ छापलेले असते, आत निघतो कर्नाटकचा आंबा. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळांनाच आता ते नाव लावता येते. तरी फळबाजारात मुरलेला माणूस छापील अक्षरांवर विसंबत नाही. साल पातळ की जाड हे तो बोटाने चाचपतो आणि शंका आली तर फळ कापून गर केशरी की पिवळा हे पाहतो. डिजिटल संगीताच्या बाजारातही गेली दहा-बारा वर्षे असाच एक शिक्का चलनात आहे: ‘हाय-रेझ’. खिशात मावणारे, फक्त गाणी वाजवणारे आणि प्रसंगी लाखाच्या पलीकडे जाणारे प्लेअर या शिक्क्यावर विकले जातात. हे यंत्र उत्तम आहे, पण शिक्का ज्या गुणाची हमी देतो तो कानाला जवळजवळ कळत नाही आणि जो गुण कळतो त्याबद्दल शिक्का गप्प असतो, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी यंत्राची ओळख. 1979 साली सोनीच्या वॉकमनने संगीत खिशात आणले आणि 2001 साली आयपॉडने त्या खिशात हजार गाणी कोंबली. पुढे दोघांचेही काम मोबाइलने गिळले. 2022 च्या मे महिन्यात ॲपलने आयपॉड बंदच केला. पण त्याआधीच, या वेगळ्या यंत्राचे दिवस भरले असे वाटू लागले असताना, 2012 साली, कोरियातल्या आयरिव्हर कंपनीने ‘ॲस्टेल अँड कर्न’ या नावाने एके-100 हा प्लेअर काढला. त्यापाठोपाठ सोनी आणि चीनची फिओ कंपनी त्या वाटेने गेली. साधारण बांधणी अशी: धातूचा डबा, आवाजाचे फिरते बटण, मेमरी कार्डाची खाच, आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारी स्वतंत्र चिप, हेडफोनसाठी दमदार ॲम्प्लिफायर आणि नेहमीच्या साडेतीन मिलिमीटरच्या जोडीला 4.4 मिलिमीटरची ‘बॅलन्स्ड’ जोडणी. सोनीने 2016 साली आणलेल्या एका मॉडेलची चौकट तांब्याची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा होता आणि वजन होते 455 ग्रॅम. खिशात ठेवायच्या वस्तूचे वजन अर्ध्या किलोच्या घरात गेले की ती केवळ सोयीसाठी घेतली जात नाही, हे उघड आहे.

आता शिक्क्यावरचे आकडे. 1982 साली सोनी आणि फिलिप्स यांनी बाजारात आणलेल्या सीडीत आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांत लिहिला जातो. हाय-रेझमध्ये नमुने 96,000 किंवा 1,92,000 होतात आणि बिट 24. नमुने जास्त म्हणजे आवाज गुळगुळीत, कमी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा, असे चित्र जाहिराती मनात उभे करतात. ते चुकीचे आहे. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त सांगतो की, ध्वनीतल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले तर मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. निरोगी तरुण कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. म्हणजे 44,100 नमुन्यांत ऐकू येणारे सारे बसते. बिटांचा हिशेब वेगळा. एक बिट साधारण सहा डेसिबल, म्हणून 16 बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे 96 डेसिबल होते. शांत खोलीतही 30 डेसिबलच्या आसपास कुजबुज असतेच. तिच्यावर 96 डेसिबल रचले तर आपण कान दुखण्याच्या पातळीला पोचतो.

हे यंत्र तर शांत खोलीसाठी नव्हे, बाहेर नेण्यासाठी आहे. तेव्हा ते पुन्हा एपीएमसीत, मसाला मार्केट आणि दाणाबंदराच्या मधल्या रस्त्यावर नेऊन पाहू. ट्रक मागे येताना वाजणारे भोंगे, हातगाड्यांची चाके, माथाडींच्या हाका. व्यापारी भागासाठी दिवसा 65 डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे. ती इथे पाळली जाते असे उदारपणे धरून चालू. कानात घट्ट बसणारे इअरफोन त्यातले 20 ते 25 डेसिबल अडवतात, म्हणजे कानात 40 तरी उरतात. दुसऱ्या टोकाला जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला 40 तासांसाठी सरासरी 80 डेसिबलची सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. संगीतातले क्षणिक उंचवटे सरासरीच्या 15 डेसिबल वर गेले असे मानले तरी संगीताला मोकळी जागा मिळते 55 डेसिबलची. ढोबळ मानाने हे नऊ-दहा बिटांचे काम झाले. सोळांतले सहा इथे आधीच रिकामे बसलेले असताना चोवीसचा हट्ट कशासाठी?

यावर पहिला आक्षेप असा की, गणित काहीही सांगो, जाणत्या कानांना फरक कळतो. हे तपासण्याचा रास्त मार्ग म्हणजे काय वाजते आहे ते न सांगता ऐकवणे. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझ तबकड्यांचा आवाज कधी थेट, तर कधी मध्ये सीडीच्या दर्जाची चाळणी लावून ऐकवला. 554 चाचण्यांत बरोबर उत्तरे निम्म्याहून किंचित कमी आली. छापा-काटा केला असता तरी तेवढीच आली असती. वापरलेल्या काही तबकड्यांचे मूळ मुद्रणच हाय-रेझ नव्हते, अशी टीका या प्रयोगावर झाली आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. म्हणून जोशुआ रीस यांनी 2016 साली केलेले संकलनही पाहायला हवे. 18 प्रयोगांतल्या साडेबारा हजारांवर चाचण्या एकत्र केल्यावर बरोबर उत्तरे 52.3 टक्के निघाली आणि प्रशिक्षित श्रोत्यांचा आकडा साठच्या घरात गेला. म्हणजे फरक शून्य नाही, हे मान्य करायला हवे. पण शांत खोलीत, उत्तम यंत्रांवर, शिकवलेल्या कानांनाही दहांतल्या चार वेळा जो हुकतो, तो खरेदीचा मुख्य निकष होऊ शकत नाही. मेयर आणि मोरान यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती: हाय-रेझ म्हणून निघालेल्या पुष्कळ तबकड्यांचे मुद्रण नेहमीच्या सीडीपेक्षा खरोखरच सरस होते, कारण त्यांचे अंतिम मिश्रण अधिक जपून केलेले होते. चांगले लागले ते बिटांमुळे नव्हे, हातांमुळे.

दुसरा आक्षेप आपल्या संगीतातून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. मिरजेत घडवलेल्या तानपुऱ्याची जवारी नीट लागली की एका तारेतून स्वरांचे अख्खे कुटुंब बोलू लागते. 1921 साली सी. व्ही. रामन यांनीही या वाद्यांच्या वेगळेपणावर लिहिले होते. असा सूक्ष्म नाद आणि श्रुतींमधली बारीक अंतरे सीडीच्या जाळीतून गळून पडत असतील, ही शंका स्वाभाविक आहे. पण जवारीचा झणकार घडतो तो ऐकू येणाऱ्या पट्ट्यातल्या उपस्वरांनी. 20,000 हर्ट्झच्या वर जे काही उरते ते आपल्याला तानपुऱ्यासमोर बसूनही ऐकू येत नाही. श्रुतीची अचूकता तर नमुन्यांच्या संख्येवर अवलंबूनच नाही. सीडीत दोन नमुन्यांत सुमारे 22.7 मायक्रोसेकंदांचे अंतर असते, पण लहर त्या ठिपक्यांच्या मधूनही नेमकी उभी राहते. त्यामुळे त्याहून कितीतरी लहान कालभेद आणि सुरातला केसाएवढा फरकही तिच्यात सुरक्षित राहतो.

आता पेटी उघडून पाहू. 96,000 नमुन्यांची म्हणून विकलेली फाइल कंपनसंख्यांचा आलेख दाखवणाऱ्या साध्या मोफत प्रोग्रॅममध्ये टाकली की चित्र समोर येते. खालून वर जाणारे रंगीत पट्टे 22,000 हर्ट्झपाशी सुरीने कापल्यासारखे थांबले आणि वर सगळा काळोख असला, तर सीडीच्याच दर्जाचे मुद्रण फुगवून भरले आहे असा दाट संशय घ्यावा. पट्टे 16,000 पाशीच तुटलेले दिसले तर मूळ माल बहुधा हलक्या दर्जाची एमपी-3 आहे. फाइलचा आकार वाढतो, किंमत वाढते, प्लेअरच्या पडद्यावर अभिमानाने ‘24/96’ झळकते. यंत्र खोटे बोलत नसते. त्याला पेटीचे माप ठाऊक असते, आतल्या फळाचे गाव नाही.

मराठी रसिकाच्या बाबतीत तर ‘गाव’ हाच खरा प्रश्न आहे. भास्करबुवा बखले 1922 साली गेले आणि मागे एकही ध्वनिमुद्रिका ठेवून गेले नाहीत. तिथे कोणतेही तंत्र काही करू शकत नाही. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, केसरबाई केरकर आपल्यापर्यंत पोचतात ते 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांतून. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्याआधी कर्ण्यातून घेतलेल्या मुद्रणात वरच्या कंपनसंख्या फारशा उतरतच नसत. अशा तबकडीचा दर्जा ठरतो ती डिजिटल करताना. तिची खाच रुंद असते. एलपीची साधारण 25 मायक्रॉनची सुई तिच्या तळाशी जाऊन घाण उकरते, हवी असते 65 ते 75 मायक्रॉनची. आणि फेऱ्यांचा वेग. तेव्हा सगळ्या तबकड्या काटेकोर 78 वर कापल्या जात नसत. 78 वर कापलेली तबकडी 80 वर वाजवली तर सूर 44 सेंट, म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या बेवारस जागी जाऊन बसतो, त्याचा आवाज बारीक होतो, तानेची गती फसवी होते. ही चूक 24 बिटांत साठवली तर अत्यंत तपशीलवार चूक हाती येते. योग्य सुई आणि योग्य वेग ठेवून केलेली साधी सीडी तिच्यापेक्षा केव्हाही खरी.

मग हा प्लेअर घ्यावाच कशाला? याला चांगली उत्तरे आहेत, फक्त ती शिक्क्यावर नसतात. एकाच इअरफोनचा विद्युत विरोध एका कंपनसंख्येला 8 ओहम तर दुसरीला 40 असू शकतो. वाजवणाऱ्या यंत्राचा स्वतःचा विरोध 10 ओहम असला तर या दोन ठिकाणच्या आवाजात पाच डेसिबलचा फरक पडतो आणि गायकाचा पोतच बदलतो. तोच विरोध 1 ओहमवर आणला तर फरक एका डेसिबलच्याही आत येतो. हा बदल कुणालाही कळेल. 300 ओहमचे मोठे हेडफोन मोबाइलवर मरगळतात, ते चांगल्या प्लेअरवर मोकळे होतात. ब्लूटूथच्या सर्वोत्तम पद्धतींपैकी एक असलेल्या एलडॅकची धाव सेकंदाला 990 किलोबिटांपर्यंत, तर सीडीची गरज 1,411 किलोबिट. तारेने ऐकणाऱ्याला ही तडजोड करावी लागत नाही. शिवाय विलंबित ख्यालाच्या मध्येच फोन वाजत नाही. अर्थात यांतले पहिले दोन फायदे काही हजारांच्या प्लेअरमध्ये किंवा चांगल्या डाँगलमध्येही मिळतात. लाखाच्या यंत्रात उरलेला पैसा घडणीचा आणि हौसेचा असतो. हौसेला मोल नसते, पण तिला कर्णसिद्ध गुणवत्ता म्हणू नये.

24 बिट निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. गाणे मुद्रित होत असताना गवई एकदम तारसप्तकात चढला तर पातळीला वाव हवा असतो आणि तो जादा बिट देतात. दस्तऐवज जपणाऱ्या संस्थांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रेही जुने ध्वनी किमान 48,000 नमुने आणि 24 बिटांत उतरवा असेच सांगतात, कारण पुढे खरखर काढताना जादा तपशील कामी येतो. भट्टीत लागणारा हा पदार्थ ताटातही वाढलाच पाहिजे, हा विक्रेत्यांचा आग्रह तेवढा फसवा आहे. 2021 साली ॲपलने जादा पैसे न घेता हाय-रेझ गाणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा या आकड्यांची बाजारातली किंमतही उघडी पडली.

म्हणून ग्राहकाने मागणी बदलायला हवी. आधी खर्च करावा तो कानाला नीट बसणाऱ्या इअरफोनवर, मग कमी विरोधाच्या साध्या प्लेअरवर आणि उरलेला वेळ चांगले मुद्रण शोधण्यात घालवावा. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या संग्राहकांनी तबकड्यांचे क्रमांक, सूची आणि कलावंतांची माहिती नोंदवून ठेवण्याची शिस्त आपल्याला दाखवून दिली आहे. जुने संगीत नव्या वेष्टनात विकणाऱ्या कंपन्यांनी तीच पाळावी. कोणत्या तबकडीवरून किंवा टेपवरून उतरवले, कोणत्या सालच्या, कोणत्या वेगाने, किती साफसफाई करून आणि कुणी, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक फाइलबरोबर लिहाव्यात. ही माहिती देणारी सोळा बिटांची फाइल, ती लपवणाऱ्या चोवीस बिटांच्या फाइलपेक्षा जास्त दाम देऊन घेण्यालायक आहे.