विश्लेषण : कोड मोफत मिळतो म्हणजे तो ‘ओपन सोर्स’ असतो का?

मेटा कंपनीने जुलै २०२३ मध्ये ‘लामा २’ हे एआय मॉडेल मोफत उपलब्ध केले आणि त्याला ‘ओपन सोर्स’ म्हटले. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह (ओएसआय) या संस्थेने मात्र लगेच आक्षेप घेतला. मॉडेल कुणालाही डाउनलोड करता येत होते, मग अडले कुठे? उत्तर परवान्यात, म्हणजे लायसन्समध्ये आहे.

निकष कोणते?

ओएसआय ही १९९८ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था. तिच्या व्याख्येत १० निकष आहेत. सोर्स कोड उपलब्ध हवा, तो बदलण्याची आणि मूळ किंवा बदललेले सॉफ्टवेअर इतरांना देण्याची, अगदी विकण्याचीही मुभा हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोण वापरणार आणि कशासाठी वापरणार, यावर परवान्यात बंधन नको. ‘फक्त शिक्षणासाठी’ किंवा ‘व्यवसायासाठी नाही’ अशी एक ओळ आली, तरी परवाना ओपन सोर्स ठरत नाही.

‘लामा २’ कुठे अडले?

ज्या कंपनीच्या सेवांचे मासिक वापरकर्ते ७० कोटींपेक्षा जास्त, तिला मेटाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागेल, अशी अट परवान्यात होती. काही कामांसाठी वापरावरही बंदी होती. यातील काही बंधने हेतूने चांगली वाटू शकतात. पण निकषात ती बसत नाहीत.

मग अटी चालतच नाहीत का?

चालतात. ‘एमआयटी’ परवान्यात मूळ कॉपीराइटची नोंद कायम ठेवावी लागते. ‘जीपीएल’मध्ये सुधारित सॉफ्टवेअर इतरांना दिले, तर त्याचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. या अटी सर्वांना सारख्याच लागू असतात, म्हणून दोन्ही परवाने ओएसआयमान्य आहेत.

फरक का पडतो?

७० कोटींची अट लहान स्टार्टअपला लागत नाही, हे खरे. पण पुढच्या आवृत्तीच्या अटी कंपनीच ठरवते. ‘लामा ३.२’मधील चित्रे समजणाऱ्या मॉडेल्सच्या वापराचा हक्क युरोपीय संघातील कंपन्यांना दिला गेला नाही. अशा मॉडेलवर उत्पादन उभारणाऱ्याने हा धोका आधीच ओळखायला हवा.

काय तपासावे?

प्रकल्पातील ‘लायसन्स’ फाइल उघडून परवान्याचे नाव ओएसआयच्या यादीत आहे का, ते पाहावे. परवानाच नसेल, तर कोड दिसत असला तरी सर्व हक्क लेखकाचेच राहतात.