जुनी डिझेल पिकअप घेतलीत? आधी हे गैरसमज दूर करा

कांदा लासलगावला न्यायचा असो, टोमॅटो नारायणगावच्या बाजारात पोचवायचा असो की बंदरावरची मासळी शहरात आणायची असो, आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा पिकअपच करते. नवी परवडत नाही, म्हणून अनेक जण आठ-दहा वर्षे चाललेली बोलेरो किंवा तशीच दुसरी गाडी घेतात. हा व्यवहार शहाणपणाचा ठरू शकतो. पण घेतल्यावर पहिला पैसा रंग, सीटकव्हर आणि हॉर्नवर जातो आणि इंजिन ऐकीव सल्ल्यांवर सोडले जाते. त्यातले काही सल्ले गाडीचे आयुष्य कमी करतात, तर काही चालवणाऱ्याचा जीव धोक्यात घालतात.

गैरसमज 1 : ‘डिझेल इंजिन दणकट असतं, त्याला काहीही चालतं.’

वस्तुस्थिती : इंजिनचा ब्लॉक दणकट असतो; इंधनाचा पंप आणि इंजेक्टर मात्र अत्यंत नाजूक मापाचे असतात. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. टायरमधली हवा तीन-चार बारची असते, यावरून अंदाज यावा. शिवाय पंपाचे वंगण डिझेलच असते. त्यात पाणी शिरले, कचरा आला किंवा कोणी रॉकेल मिसळले, तर पंप घासला जातो. म्हणून गाडी घेताच डिझेल फिल्टर बदला. फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असेल, तर तो ठरावीक काळाने सैल करून साचलेले पाणी काढा. पावसाळ्यात टाकी फार रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी होऊन ते डिझेलमध्ये उतरते.

गैरसमज 2 : ‘ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं.’

वस्तुस्थिती : डिझेल इंजिनात काजळी तयार होते आणि ती स्वतःत धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे. त्यामुळे नवे ऑइलही लवकर काळे दिसते. बदल रंगावरून नव्हे, तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटर आणि महिन्यांच्या हिशेबाने करायचा. जुन्या गाडीत मात्र आधीचे ऑइल कधी आणि कुठले टाकले, हे खात्रीने कळत नाही. त्यामुळे ‘परवाच बदललंय’ या शब्दावर विसंबू नका. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल हे सगळे एकदाच बदला; गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइलही तपासा. टर्बो असलेली गाडी चढ चढून आली की लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवली की तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहते.

गैरसमज 3 : ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? आणि थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहतं.’

वस्तुस्थिती : कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवत नाही. ते उकळण्याचे तापमान वाढवते आणि आतून गंज धरू देत नाही. बोअरचे जड पाणी घातले, तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात आणि ऐन उन्हाळ्यात गाडी तापते. थर्मोस्टॅट काढणे हा तर रोग झाकण्याचा प्रकार आहे. इंजिनाला काम करायला ठरावीक उष्णता लागते. ते थंडच राहिले तर डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते, ॲव्हरेज घसरते आणि झीज होते. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंख्याचा पट्टा, वॉटर पंप आणि रेडिएटरचे झाकण तपासा. गरम इंजिनावर ते झाकण मात्र कधीही उघडू नका.

गैरसमज 4 : ‘पाटे वाढवले की हवं तेवढं वजन पेलतं.’

वस्तुस्थिती : जास्तीच्या पाट्यांनी गाडी बसलेली दिसत नाही, एवढेच. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि चासी होती तीच राहतात. आरसी बुकात लिहिलेले एकूण वजन हीच खरी मर्यादा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडसाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

गैरसमज 5 : ‘उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं.’

वस्तुस्थिती : गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचा डिझेलपुरवठा जवळपास बंद होतो, कारण चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. म्हणजे बचतीचा हिशेबच उलटा आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. इंजिनच बंद केले, तर ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम देणारा पंपही थांबतो. कसारा असो, माळशेज असो की खंडाळा, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका आणि तोच ठेवून उतरा.

गैरसमज 6 : ‘खालून जळकं ऑइल मारलं की गंज लागत नाही.’

वस्तुस्थिती : त्या ऑइलने रबरी बुश आणि पाइप फुगून खराब होतात, वर धूळ चिकटते आणि उरलेले जमिनीत, पाण्यात जाते. गंजावरच कोटिंग मारले तर ओल आत अडकते आणि पत्रा आतून खात राहतो. आधी चासी धुवा, पूर्ण वाळवा, गंज खरवडा, प्रायमर द्या आणि मगच कोटिंग करा. मासळी किंवा खत वाहिले असेल, तर त्याच दिवशी हौदा आणि त्याखालची चासी गोड्या पाण्याने धुवा. मीठ आणि खताचे क्षार पत्रा फार वेगाने खातात.

गैरसमज 7 : ‘गाडी नावावर झाली की विमाही आपोआप होतो.’

वस्तुस्थिती : आधीच्या पॉलिसीतले थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही. खरेदीनंतर 14 दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करण्यासाठी अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. व्यावसायिक गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल, तर फिटनेस दरवर्षी काढावे लागते, हेही ध्यानात ठेवा.

या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी एकच चूक आहे : मजबूत गाडीला देखभाल कमी लागते, असे मानणे. तिला स्वच्छ डिझेल, स्वच्छ हवा, योग्य ऑइल, योग्य उष्णता आणि मर्यादेतले वजन मिळाले, तरच ती मजबूत राहते. म्हणून एक वही गाडीत ठेवा आणि तारीख, किलोमीटर, बदललेला भाग हे दर वेळी त्यात लिहा. वर्षभराने गाडीला काय हवे, हे ऐकीव सल्ल्यापेक्षा ती वही नेमके सांगेल, आणि उद्या गाडी विकायची वेळ आली तर समोरच्यालाही तिच्यावर विश्वास ठेवता येईल.