कार्बाइन : पलटणीची आणि परवान्याची

बेंगळुरूच्या दक्षिणेस जिगणीच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींना लागणाऱ्या स्प्रिंगा घडविण्यात ज्याचा लौकिक झाला त्याच उद्योगसमूहातून निघालेल्या ‘एसएसएस डिफेन्स’ या कंपनीने बंदुकांचा कारखाना थाटला, याचे प्रथमदर्शनी नवल वाटावे; परंतु स्वयंचलित शस्त्राचे अंतरंग ज्याने पाहिले आहे त्यास या स्थित्यंतरात विसंगत असे काही दिसणार नाही, कारण प्रत्येक बारासरशी मागे रेटला गेलेला बोल्ट पुढे आणून नवे काडतूस कोठीत सारण्याचे काम अखेर एका स्प्रिंगेकडेच असते. सन 2001 मध्ये केंद्र सरकारने शस्त्रनिर्मिती खासगी उद्योगास खुली केली, त्यानंतरच असे कारखाने संभवनीय झाले. आणि येथील ‘एम-72’ ही 5.56 मिलिमीटरची कार्बाइन ज्या यंत्रांवर कातली जाते, त्याच यंत्रांवर शिकाऱ्याची रायफलही कातता येईल. मग दोहोंत भेद तो कोणता?

कार्बाइनचा जन्म घोडेस्वाराच्या अडचणीतून झाला. पायदळाची लांब बंदूक खोगिरावर सावरेना, म्हणून तिची नळी आखूड करण्यात आली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी पायदळ व रिसाला या दोहोंस पुरेल अशी सव्वापंचवीस इंची नळीची एकच ली-एनफील्ड काढली. घोडे गेले, पण अडचण राहिली. ती आता चिलखती गाडी, हेलिकॉप्टर आणि अरुंद जिन्याची झाली. आपल्या पोलीस ठाण्यांत ‘कार्बाइन’ म्हणून जी ओळखली जाते ती कानपूरची 9 मिलिमीटर 1ए1, म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंगचीच आवृत्ती : जेमतेम वीतभर नळी, दुमडता दस्ता आणि डाव्या अंगाला आडवे बसणारे 34 काडतुसांचे वक्र मॅगझिन. नळी आखूड केली की गोळीचा वेग घटतो, तोंडाशी ज्वाळा व आवाज वाढतो, लांबचा नेम ढळतो. हे सारे नुकसान चपळतेसाठी लष्कर जाणूनबुजून सोसते, तर सांबर वा डुक्कर एकाच बारात पाडू पाहणाऱ्यास ते सोसण्याचे कारणच नव्हते.

खरा यांत्रिक भेद चापाच्या मागे असतो. परवान्याच्या रायफलीत चाप एकदा ओढला की एकच बार. लष्करी कार्बाइनमध्ये निवड-खटका फिरविला की चाप दाबलेला असेपर्यंत बार सुटत राहतात, आणि 1959 च्या शस्त्र अधिनियमाने ‘निषिद्ध शस्त्रा’ची व्याख्या नेमक्या याच गुणावर बांधली आहे. तथापि आपल्या कायद्याने एवढ्यावर समाधान मानले नाही. 1962 च्या नियमांच्या परिशिष्टात, ज्या बोल्टच्या रायफलीच्या कोठीत .303 किंवा 7.62 चे लष्करी काडतूस बसते व उडते तीही, मग ती एकबारी का असेना, सामान्य परवानाधारकास वर्ज्य ठरली. लष्करी 9 मिलिमीटरची गोळी घेणाऱ्या कार्बाइनीही त्याच रांगेत बसल्या.

म्हणूनच इशापूरच्या कारखान्यात एकाच वंशाच्या दोन शाखा झाल्या. पलटणीची .303 ली-एनफील्ड आणि खासगी परवान्याची .315 स्पोर्टिंग रायफल यांची बोल्टची रचना सख्ख्या बहिणींची. परंतु दुसरीला काडतूस दिले ते ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर घराण्यातले, जेणेकरून छावणीतून चोरीस गेलेला दारूगोळा तिच्यात निरुपयोगी ठरावा. याहून सूक्ष्म उदाहरण .30-06 चे : तिची गोळी 7.62 च्या लष्करी गोळीइतक्याच व्यासाची, पण पितळी पुंगळी 51 ऐवजी 63 मिलिमीटर लांबीची, आणि एवढ्या फरकाने ती परवान्यास पात्र होते.

अमेरिकेने हीच रेषा मुख्यत्वे नळीवर आखली : तेथील लष्कराच्या एम-4 कार्बाइनची नळी साडेचौदा इंच, तर नागरिकास खास नोंदणीवाचून घेता येणाऱ्या रायफलीची किमान सोळा. आपल्या सरकारने मोजमाप काडतुसाचे घेतले, आणि त्यात शहाणपण आहे. कारण नळी कोणीही लोहार कापू शकतो, पण लष्करी काडतुसांचा साठा सरकारी कोठारातच राहतो. या शहाणपणाची किंमत मात्र परवानाधारक मोजतो : जिगणीत एकविसाव्या शतकाची कार्बाइन तयार होत असताना त्याच्या खांद्यावर अनेकदा एकोणिसाव्या शतकाचे काडतूस घेणारी रायफल असते.