आलिशान गाडी : आत्ता की नंतर?

22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा, उपकरासह 50 टक्क्यांपर्यंत जाणारा कर सरसकट 40 टक्के झाला. आणखी कपातीच्या आशेवर थांबण्यात फारसा अर्थ नाही.

थांबायचंच, तर आयात होणाऱ्या गाडीसाठी. 24 जुलै 2025 रोजी झालेल्या भारत-ब्रिटन करारानुसार ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांवरचं शंभर टक्क्यांहून अधिक असलेलं आयातशुल्क, ठरावीक संख्येपुरतं, टप्प्याटप्प्यानं 10 टक्क्यांवर येणार आहे. मात्र ब्रँडचं नाव पाहून भुलू नये, कारखाना कुठे आहे ते विचारावं: लँड रोव्हरची डिफेंडर बनते स्लोव्हाकियात!

चाकणला तयार होणारी मर्सिडीज ई-क्लास घेणाऱ्यांना या कराराची वाट पाहण्याचं कारणच नाही. डिसेंबरात मात्र जानेवारीपर्यंत थांबावं. गाडी पुढे विकताना नोंदणीचं वर्ष पाहिलं जातं.